‘आता मी’ म्हणजे पीच : जॉर्जियन फळांची नावं शिकताना

पहिल्या सेमिस्टरला भाषेच्या तासाला आम्हाला एक झेरॉक्स मिळाली होती. तीस फळं. डावीकडे इंग्रजी नाव, उजवीकडे जॉर्जियन, तेही रोमन लिपीत. मी ती दोन रात्रींत घोकली, चाचणीत २० पैकी १८ मार्क पडले, आणि त्याच शनिवारी बाजारात मला एक किलो नासपती मागता आली नाही. मी ‘मस्कली, मस्कली’ म्हणत होते आणि समोरची बाई एकदा माझ्याकडे, एकदा शेजारणीकडे बघत होती. शेवटी बोट दाखवून घेतली. बोटच दाखवायचं होतं तर दोन रात्री जागले कशाला, असं पुटपुटत होस्टेलवर आले.

आता माझं पाचवं वर्ष चालू आहे. जॉर्जियाच्या राजधानीत, त्बिलिसीत, वैद्यकीय शिकायला आपल्याकडची बरीच मुलं-मुली येतात, आणि दर वर्षी नव्या बॅचमधलं कुणीतरी विचारतंच, ‘ताई, भाषेची सुरुवात कुठून करू?’ माझं उत्तर ठरलेलं असतं. फळांपासून कर. पण झेरॉक्सवरून नको, बाजारातून कर.

फळांपासूनच का, तर एक म्हणजे ती रोज लागतात. दुसरं, ज्याचं नाव घ्यायचं ते समोर ढिगानं पडलेलं असतं, त्यामुळे भाषांतराची गरजच नसते. आणि तिसरं कारण मला फार उशिरा कळलं. जॉर्जियन भाषेतले जवळजवळ सगळे अवघड आवाज आणि निम्मं व्याकरण ह्या वीस-पंचवीस नावांत बसलेलं आहे. ‘म्स्ख़ाली’, म्हणजे नासपती, नीट म्हणता आली की पुढं ‘स्टेथोस्कोप लावते, श्वास घ्या’ हे म्हणायला जीभ कुरकुर करत नाही.

आधी रोमन लिपीची तक्रार करून घेते. जॉर्जियन लिपीत ३३ अक्षरं आहेत, कॅपिटल-स्मॉल अशी भानगड नाही, आणि जसं लिहिलं तसंच वाचायचं. आठवड्याभरात येते. द्राक्षाच्या वेलीच्या तणाव्यांसारखी वळणदार अक्षरं आहेत, हातालाही आवडतात. पण आपण आळस करतो, मोबाईलवर रोमनमध्ये टिपून ठेवतो आणि तिथंच फसतो. कारण जॉर्जियनमध्ये आपल्यासारखाच क वेगळा आणि ख वेगळा, त वेगळा आणि थ वेगळा, प वेगळा आणि फ वेगळा. रोमनमध्ये सरसकट एकच अक्षर लिहितात. ज्या फरकासाठी इंग्रज, जर्मन मुलं महिनोन् महिने तोंडासमोर कागदाची पट्टी धरून फुंका मारत बसतात, तो फरक आपण बालवाडीत शिकून आलेलो असतो, आणि इथं येऊन रोमनच्या नादानं घालवून बसतो! तेव्हा लिपी येईपर्यंत वहीत देवनागरीत लिहा. त्यांचा ख, थ, फ आपल्यासारखाच, हवेची फुंकर सोडून. क, त, प मात्र आपल्यापेक्षा जरा कोरडे: श्वास क्षणभर गळ्यात अडवायचा आणि टिचकी वाजवल्यासारखा सोडायचा. फ कायम फणसातला, फोनमधला कधीच नाही.

ह्याहून मोठी चैन म्हणजे आपले दोन च. चार म्हणताना एक आणि चारा म्हणताना दुसरा. आपल्या ‘चिंच’मध्ये तर दोन्ही एकाच फळात आहेत, पहिला एक, शेवटचा दुसरा. जॉर्जियनमध्ये हे दोन्ही च आहेत, शिवाय ‘जीव’मधला ज आहे आणि ‘जरासा’मधला ज सुद्धा. माझी रूममेट दिल्लीची. तिला ‘चारा’तला च जमवायला पूर्ण एक सेमिस्टर लागलं, मला शून्य मिनिटं लागली. इथून पुढं मी ‘चारा’तल्या च साठी ‘त्स’ आणि ‘जरासा’तल्या ज साठी ‘द्ज़’ लिहिते, म्हणजे वाचताना गोंधळ नको. नुक्ता दिलेला ख़ आणि ग़ घशातून खरवडून काढायचा. क़ त्याच्याही खालून, जवळजवळ पडजिभेच्या मागून. तो मात्र आपल्याकडे नाही, त्याला मेहनत लागते. इथली पोरं लहानपणी ‘बाक़ाक़ी त्स्क़ाल्शी क़िक़िनेब्स’ म्हणतात, म्हणजे बेडूक पाण्यात डरांव डरांव करतो. आपल्या ‘चटईला टाचणी टोचली’चा मावसभाऊ समजा. आंघोळ करताना म्हणायचं. शेजारच्या खोलीतून कुणी दार ठोठावलं तर बरोबर जमतंय असं समजायचं.

आता बाजार. रेल्वे स्टेशनच्या चौकाला लागून दिझर्टिरांचा बाजार आहे. दिझर्टिर म्हणजे सैन्यातून पळालेले. साधारण शंभर वर्षांपूर्वी असे सैनिक इथं आपली शस्त्रं आणि सामान विकायचे, त्यावरून नाव पडलं म्हणतात. आता तिथं चीज, लोणची, मसाले आणि फळं. नव्यानं आलेल्यानं तिथं जाताना चारच वाक्यं घेऊन जावं. ‘एस रा आरिस?’ म्हणजे हे काय आहे. ‘खार्थुलाद रा ह्ख्विया?’ म्हणजे जॉर्जियनमध्ये ह्याला काय म्हणतात. ‘रा ग़िर्स?’ म्हणजे केवढ्याला. आणि ‘एर्थी किलो मोमेत्सिथ’, एक किलो द्या. ह्यातलं दुसरं वाक्य सोन्याचं. ते म्हटलं की विकणाऱ्या बाईची मास्तरीण होते. ती फळ उचलते, तोंडासमोर धरते, हळू म्हणते, तुम्हाला म्हणायला लावते, चुकलं की शेजारच्या चार जणींना बोलावते. थोडी शोभा होते, पण तो शब्द जन्मात विसरत नाही.

बाजारात नाती कानावर पडायला लागली की फार आपलं वाटतं. ‘देइदा’ म्हणजे नेमकी मावशी, आईची बहीण. आत्यासाठी ‘मामिदा’ हा वेगळा शब्द. इंग्रजीत सगळ्या आंटीच, इथं तसं नाही. मात्र ‘मामा’ म्हणजे वडील! पहिल्या वर्षी कुणी ‘तुझा मामा काय करतो?’ विचारलं की मी बार्शीच्या बसस्टँडवरच्या दुकानाबद्दल सांगत बसायचे. ‘हो’ म्हणजे मात्र हो. अगदी आपलाच हो, घरगुती बोलण्यातला. थोडं नीट बोलायचं तर ‘की’ आणि आणखी अदबीनं ‘दिआख़’. म्हाताऱ्या बायका हाक मारतात ‘श्विलो’, म्हणजे बाळा. आणि ‘गासिंजे’ म्हणजे चाखून बघ. ‘श्विलो, गासिंजे’ हे ऐकायला मिळालं की दिवस चांगला गेला.

सुरुवात सोप्या फळांनी करा. बनानी, लिमोनी, मान्दारिनी, अनानासी. परकं नाव घ्यायचं आणि शेवटी ई लावायची, झालं जॉर्जियन. आपल्याला हे सगळं स्त्रीलिंगी वाटतं. वाश्ली म्हणजे सफरचंद, आणि मी मनात अजूनही ‘ती वाश्ली’ म्हणते. पण जॉर्जियनमध्ये लिंगच नाही. तो, ती, ते सगळ्यांना एकच ‘इस’. ती शेवटची ई म्हणजे नामाची प्रथमा विभक्ती आहे, बाकी काही नाही. मराठीत सफरचंद ते, नासपती ती, पेरू तो, हे परक्याला शिकवायला बसलात तर कळेल ह्या लोकांनी केवढा त्रास वाचवलाय.

मग ओळखीच्या वाटेनं आलेले शब्द घ्या. फारसीनं आपल्यालाही पुष्कळ दिलं आणि ह्यांनाही. तुती म्हणजे ‘थुथा’. मनुके म्हणजे ‘खिश्मिशी’, निदान बिनबियांचे तरी. फारसीत आलू म्हणजे आलुबुखार, प्लम. त्यावरूनच आपला जर्दाळू, म्हणजे पिवळा आलू. त्याच घरातली जॉर्जियन ‘आलुबाली’ म्हणजे आंबट चेरी, आणि ‘आलुचा’ म्हणजे लहान आंबट प्लम. नुसती ‘बाली’ म्हणजे गोड चेरी. आणि फळं साखरेत मुरवून ठेवतात त्याला काय म्हणतात? ‘मुराबा’! आमच्या आजीनं कैरीचा घातला तर मुरांबा, इथल्या आजीनं कोवळ्या हिरव्या अक्रोडाचा घातला तर मुराबा. पहिल्यांदा बरणीवरचा तो शब्द अक्षर अक्षर जुळवत वाचला तेव्हा दुकानातच हसू फुटलं.

पण ओळखीचे शब्द दगाही देतात. दुसऱ्या वर्षी थंडीत आमच्या मजल्यावरच्या मालेगावच्या मैत्रिणीला खजुराचे लाडू करायचे होते. तिनं हिशोब केला, शिरखुर्म्यात खुर्मा म्हणजे खजूर, फारसी शब्द, इथं अर्धे शब्द फारसीच आहेत. दुकानात जाऊन थाटात म्हणाली, ‘ख़ुर्मा, ओरी किलो’. दुकानदारानं लगेच दोन किलो केशरी, टोमॅटोसारखी फळं तोलून दिली. जॉर्जियनमध्ये ख़ुर्मा म्हणजे पर्सिमन. खजुराला म्हणतात ‘फिनिकी’. त्यात ती फळं कच्ची निघाली. कच्चं पर्सिमन खाल्लं की तोंड असं आवळतं की कच्चं केळं परवडलं. लाडू बाजूलाच राहिले. फळं खिडकीत ठेवली, दोन आठवड्यांनी जेलीसारखी मऊ झाली तेव्हा चमच्यानं खाल्ली, आणि तेव्हापासून ती मुलगी नोव्हेंबरची वाट बघते. लगेच खायचं असेल तर ‘कोरोलिओकी’ मागा, ती जात कडक असतानाही गोड लागते.

संत्र्याचंही बघा. फळ ‘फोर्थोख़ाली’. ह्या नावात पोर्तुगाल लपलाय. आपल्याला ज्यांनी अननस, पपई, काजू हे शब्द दिले त्याच देशाचं नाव अरब, तुर्क, इराणी, ग्रीक ह्यांच्या तोंडी संत्र्याला चिकटलं आणि इथंही पोचलं. पण रंग सांगताना फोर्थोख़ाली येत नाही, तेव्हा ‘नारिंजिसफेरी’ म्हणतात. फेरी म्हणजे रंग. म्हणजे फळ संत्रं आणि रंग नारिंगी, हूबेहूब मराठीसारखं! मी हे शोधून काढलं त्या रात्री आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, ‘बरं, जेवलीस का?’

रंगांवरून ‘शिंदी’ आठवली. आपली शिंदी म्हणजे ताडीवाली. ह्यांची शिंदी म्हणजे कॉर्नेलियन चेरी, करवंदाएवढं लांबट, गडद लाल, आंबट फळ. तिच्या रंगाला ‘शिंदिसफेरी’ म्हणतात, आपण जांभळट लाल किंवा मरून म्हणू तो. १९१८ ते १९२१ च्या पहिल्या प्रजासत्ताकाचा आणि पुन्हा १९९० ते २००४ पर्यंत जॉर्जियाचा झेंडा मुख्यतः ह्याच रंगाचा होता. आताचा पाच लाल क्रॉसचा झेंडा त्यानंतरचा. झेंड्याचा रंग फळावरून सांगणारे लोक मला एकदम पटले.

ज्या शब्दांची कुठलीच ओळख निघत नाही तिथं मराठीतून वाकडी-तिकडी आठवण लावायची. हे माझं सगळ्यात आवडतं काम. पीच म्हणजे ‘आतामी’. बाजारात मी मनात म्हणते, ‘आता मी… पीच घेणार’. जर्दाळू म्हणजे ‘गार्गारी’. जूनच्या उन्हात गारगार जर्दाळू, संपलं. अक्रोड ‘काकाली’, काका अक्रोड फोडतोय असं चित्र. आणि ‘बिया’! बिया म्हणजे क्विन्स, पिवळं, लव असलेलं, कच्चं खाल्लं तर दात आंबवणारं आणि मांसाबरोबर शिजवलं तर घरभर वास सुटणारं फळ. ह्याला ‘कोम्शी’ असंही नाव आहे. गंमत अशी की हे फळ आपल्याकडे बाजारात दिसत नाही, पण त्याच्या बियाच तेवढ्या आपल्या काष्ठौषधीच्या दुकानापर्यंत पोचल्यात, बेहदाणा म्हणून. आजी खोकल्याला भिजवून द्यायची तो चिकट बेहदाणा ह्याच फळाचा. मला हे कळलं तेव्हा पाच वर्षांच्या वयातला घसा आठवला.

आठवणीच्या ह्या खुणा कुणाच्या उधार घेऊ नका. माझ्या ज्युनिअरनं टरबुजासाठी स्वतःची खूण केली होती, ती इथं लिहिण्यासारखी नाही, पण त्याला शब्द पक्का आठवतो.

टरबुजाचा म्हणजे आपल्या कलिंगडाचा शब्द ‘साज़ाम्थ्रो’. ह्यात ‘ज़ाम्थारी’ म्हणजे हिवाळा. पुढं ‘सा’, मागं ‘ओ’ लावलं की ‘त्यासाठीचं’, ‘त्याचं ठिकाण’ असा अर्थ होतो. म्हणजे कलिंगड हिवाळ्यासाठीचं, आणि खातात जुलै-ऑगस्टच्या काहिलीत! पण हा साचा एकदा लक्षात आला की घबाड हाती लागतं. ‘म्ज़ारेउली’ म्हणजे स्वयंपाकी, ‘साम्ज़ारेउलो’ म्हणजे स्वयंपाकघर. ‘खार्थ्वेली’ म्हणजे जॉर्जियन माणूस, ‘साखार्थ्वेलो’ म्हणजे त्यांचा देश. आपण ज्याला जॉर्जिया म्हणतो त्याला तिथले लोक साखार्थ्वेलोच म्हणतात. एका कलिंगडातून देशाचं नाव फुटतं, हे कुठल्या झेरॉक्सवर नव्हतं.

आता जोडाक्षरांचा डोंगर. त्यात माझी सगळ्यात मोठी फजिती खरबुजाच्या गाडीवर झाली. खरबूज ‘नेस्वी’, ते सोपं. मला विचारायचं होतं, गोड आहे का. गोड म्हणजे ‘त्क्बिली’. मी विचारलं, ‘थ्बिलिया?’ बाईनं खरबुजावर हात ठेवला, सूर्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘हो, थ्बिलिया!’ थ्बिली म्हणजे कोमट, उबदार. गंधकाच्या गरम झऱ्यांवरून ज्या शहराला थ्बिलिसी, म्हणजे त्बिलिसी, नाव पडलं तोच शब्द. मी भर उन्हात फळ कोमट आहे का विचारलं होतं, आणि उत्तर प्रामाणिक मिळालं होतं.

जोडाक्षर फोडायची एक युक्ती मला भाषेच्या बाईंनी नाही, फळवाल्या आजीनं शिकवली. म्स्ख़ाली एकटी म्हणू नका. आधी आकडा घ्या आणि म् त्याच्या शेपटीला बांधा. ‘एर्थिम-स्ख़ाली’, ‘ओरिम-स्ख़ाली’. एक नासपती, दोन नासपती. तसं म्हटलं की म् साठी वेगळं तोंड उघडावं लागत नाही. आम्ही ‘म्’ आणि ‘स’ च्या मधे नकळत अ घालतो, तिथंच ‘मस्कली’ होते. आणि आकड्याबरोबर शिकण्याचा दुसरा फायदा, जॉर्जियनमध्ये आकड्यानंतर नाम एकवचनीच राहतं. दोन वाश्ली, दहा वाश्ली, शंभर वाश्ली. अनेकवचन आठवायची कटकटच नाही.

आकड्यांसाठी आमच्या पणजीला बोलवायला हवं होतं. ती शेळ्या मोजायची ‘तीन विसा नि पाच’ अशी. इथं अख्खा देश विसांनी मोजतो. वीस ‘ओत्सी’, चाळीस ‘ओर्मोत्सी’ म्हणजे दोन विसा, साठ ‘सामोत्सी’ म्हणजे तीन विसा, ऐंशी ‘ओथ्ख़्मोत्सी’ म्हणजे चार विसा. पन्नास म्हणजे दोन विसा आणि दहा. सुट्टे पैसे, ज्यांना इथं तेथ्री म्हणतात, ते सांगताना हे रोज लागतं. शहरातल्या मुलांना डोकेफोड वाटते, ज्यांच्या घरी विसा बोलत होते त्यांना नाही वाटत.

‘थ्बिलिया’तली शेवटची आ कुठून आली, हा प्रश्न पडला असेल तर तुम्ही व्याकरणाच्या दारात उभे आहात. ती आ म्हणजे ‘आहे’. त्क्बिली गोड, त्क्बिलिया गोड आहे. म्झावे आंबट, म्झावेआ आंबट आहे. कार्गी चांगलं, कार्गिया चांगलं आहे. म्त्सिफे पिकलेलं, ‘म्त्सिफेआ?’ पिकलंय का? आपण ‘चांगलं आहे’चं ‘चांगलंय’ करतो, ‘गोड आहे’चं ‘गोडंय’. तेच. ह्या एका आ वर मी पहिलं अख्खं वर्ष काढलं आणि लोक म्हणायचे, छान बोलतेस.

पुढचा धडा ज्यूसच्या बाटलीनं दिला. रस म्हणजे ‘त्स्वेनी’. पीचचा रस शोधत होते आणि कुठल्याच बाटलीवर आतामी सापडेना. एका बाटलीवर पीचचं चित्र आणि खाली लिहिलेलं ‘आत्मिस त्स्वेनी’. मी वाचलं, आत्म्याचा रस! झालं असं होतं की ‘चा’ साठी इथं ‘इस’ लागतो, आणि तो लागला की काही नामांच्या पोटातला स्वर गळून पडतो. आतामी, आत्मिस. म्स्ख़ाली, म्स्ख़्लिस. बाली, ब्लिस. क़ुर्द्ज़ेनी म्हणजे द्राक्ष, त्याचं क़ुर्द्ज़्निस. पुस्तकात ह्याला भलंमोठं नाव आहे, ते पाठ करू नका. माणूसचं माणसाचा होताना आपला ऊ कुठं जातो? कापूसचं कापसाचा? तसंच. मात्र वाश्लीचं सरळ वाश्लिस होतं, लिमोनीचं लिमोनिस. कुठं स्वर गळतो आणि कुठं नाही हे बाटल्या वाचून कळतं. सुपरमार्केटमधली ज्यूसची फळी हे माझं षष्ठीचं पाठ्यपुस्तक होतं, आणि फुकट होतं.

शहर हिंडतानाही डोळे उघडे ठेवा. गंधकाच्या हमामांमागं, आबानोथुबानीत, एक लहानसा धबधबा असलेली घळ आहे, तिचं नाव लेग़्व्थाख़ेवी. लेग़्वी म्हणजे अंजीर, ख़ेवी म्हणजे घळ. अंजिरांची घळ. बसवर वाश्लिज्वारी लिहिलेलं दिसेल, सफरचंद आणि क्रॉस. वाज़िसुबानी म्हणजे वेलीचा पाडा. आपली वडगाव, पिंपळगाव, चिंचवड जशी, तशीच ही.

ऋतूप्रमाणे शिकलात तर एकदम भार येत नाही. मे महिन्यात हिरव्या आंबट प्लम येतात, ‘त्क़ेमाली’. पोरं मीठ लावून खातात, कैरीसारख्या, आणि तोंडं करतात तीही कैरीसारखीच. त्याचीच आंबट चटणी वर्षभर बटाट्याबरोबर आणि मांसाबरोबर, आणि चटणीलाही त्क़ेमालीच म्हणतात. ह्याच फळांचा गर थापून वाळवून चादरीसारखी गुंडाळी विकतात, तिचं नाव ‘त्क़्लापी’. आपली आंबापोळी, फक्त डोळे मिटायला लावणारी आंबट. मग चेरी, जर्दाळू, पीच, कलिंगड, अंजीर. सप्टेंबर-ऑक्टोबरात काख़ेथी ह्या द्राक्षांच्या प्रांतात ‘र्थ्वेली’, म्हणजे द्राक्षाची सुगी. ऑक्टोबरचं जुनं जॉर्जियन नावच ‘ग़्विनोबिस्थ्वे’, वाईनचा महिना. इथल्या मातीत वाईन सुमारे ८,००० वर्षांपासून होते ह्याचे पुरावे सापडलेत, आणि जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात, ‘ख्वेव्री’त, ती करण्याची पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. नाशिकच्या मुलांना इथं बोलायला विषय मिळतो. त्या दिवसांत आटवलेल्या द्राक्षरसात पीठ घालून त्यात अक्रोडाच्या माळा बुडवतात, ती ‘चुर्च्ख़ेला’. लांबून मेणबत्त्या टांगल्यासारख्या दिसतात.

नोव्हेंबरात समुद्राकडून, अजारिया आणि गुरियाकडून, मान्दारिनी येतात आणि त्यांच्याबरोबर ‘फेइख़ोआ’. हे हिरवं, अंड्याएवढं फळ कुणी दिलं तर आधी वास घ्या. पेरू! पेरू-जांभळाच्याच कुळातलं झाड आहे. पहिल्या वर्षी घरची आठवण येऊन मी त्याची एक पिशवी उशाशी ठेवून झोपले होते. ह्यावर हसलात तरी चालेल.

माझं स्वतःचं फळ मात्र डाळिंब. सांगोल्याकडं आमची बाग आहे, भगवा जातीची. डाळिंबाला इथं ‘ब्रोत्सेउली’ म्हणतात आणि अक्रोडाचं वाटण भरलेल्या वांग्याच्या सुरळ्यांवर त्याचे दाणे पेरतात. वडील आठवड्याला एकदा फोन करतात आणि पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो. ‘तिकडं डाळिंबाला काय भाव हाय गं?’ त्यांना दर आठवड्याला भाव सांगायचा म्हणून मी दर आठवड्याला बाजारात जायचे, भाव विचारायचे, विसांत आलेलं उत्तर रुपयांत करायचे. नीट बघितलं तर माझं जॉर्जियन ह्या एका फोनवर उभं राहिलं. तुमच्याही घरी असा कुणी चौकस माणूस असेल तर त्याला कामाला लावा.

एक चूक सगळेच करतात ती सांगते. ‘ख़िली’ म्हणजे फळ आणि ‘थ्ख़िली’ म्हणजे हेझलनट. पहिला थ् गिळलात तर हेझलनटऐवजी कुठलंही फळ मिळेल, आणि नसलेला थ् घातलात तर फळाऐवजी हेझलनट. हॉस्पिटलात हे फार महत्त्वाचं. नटांची ॲलर्जी विचारताना चुकीचा शब्द गेला तर उत्तरही चुकीचंच येणार.

चौथ्या वर्षी वॉर्डात जायला लागलो तेव्हा ह्या सगळ्याचा उपयोग कळला. आमचे तास इंग्रजीत, पण पेशंट जॉर्जियनमध्येच बोलतात. मधुमेहाच्या एका आजींची हिस्टरी घ्यायची होती. मोठ्या माणसाला ‘खाता का’ असं साध्या क्रियापदानं विचारत नाहीत, त्यासाठी अदबीचं वेगळं क्रियापद आहे, ‘मिइर्थ्मेव्थ’. आपण ‘घेता का’ म्हणतो तसं. मी विचारलं, ‘ख़िल्स मिइर्थ्मेव्थ?’ आजी म्हणाल्या, ‘अरा, अरा’, नाही नाही, साखर असल्यापासून फळ सोडलंय. मी वहीत लिहिणार तेवढ्यात त्या पुढं बोलत राहिल्या. थोडी द्राक्षं, ती काय फळ नव्हेत, स्वतःच्या अंगणातली. वाळवलेली ख़ुर्मा दुपारी एखादी. चहाबरोबर बियाचा मुराबा, दोन चमचे, मोठे. आमच्या रेसिडेंट डॉक्टर भाषांतर करायला वळल्या तोवर मी सगळं लिहून मोकळी झाले होते. त्या कागदाकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, मुराबा दोनदा अधोरेखित कर.

तरी एक शब्द मला अजून जमत नाही. स्ट्रॉबेरी, ‘मार्त्स्क़्वी’. र, मग टिचकीचा त्स, मग पडजिभेमागचा क़, मग व, मधे श्वास घ्यायला जागा नाही. आमच्या इमारतीखाली मे महिन्यात एक आजी बादलीतून स्ट्रॉबेरी विकतात. मी पैसे पुढं करते, त्या घेत नाहीत. आधी म्हण, म्हणतात. मी म्हणते. त्या मान हलवतात. मी पुन्हा म्हणते. मागं रांग लागते, रांगेतलं कुणीतरी मला हळूच पहिलं अक्षर सांगतं. पाचव्या प्रयत्नाला आजी पिशवी भरतात, वरून चार जास्त टाकतात आणि म्हणतात, उद्या परत ये.